एकनाथरावांनी पुसलेलं पान

दुपारचा चहा झाला की पल्लवी टॅब घेऊन सासऱ्यांच्या खोलीत जाई, आणि हणमंतबुवा उशाशी ठेवलेली काळी टोपी उचलून डोक्यावर चढवत. एरवी घरात ते बोडक्यानेच बसत. पण आता श्रोते यायचे होते ना! श्रोत्यांपुढे असं कसं बसायचं?

"हं नाना, आज भालकीचे एक जण आहेत. लिहितात, आमच्या आईला अंथरुणावरून उठता येत नाही, तिच्या कानाशी तुमचं सुदाम्याचं आख्यान लावून ठेवतो."

बुवा हात जोडत. टॅबला नव्हे, भालकीच्या त्या म्हातारीला.

हैदराबादेत ज्यांनी बुवांचं कीर्तन ऐकलंय त्यांना आवाजाबद्दल वेगळं सांगायला नको. जामबागेतल्या देवळात बुवा उभे राहिले की रस्त्यावरचे रिक्षावालेसुद्धा इंजिन बंद करून थांबायचे. मराठी कळो न कळो. "क्या गला है बुड्ढे का," म्हणायचे. तो गळाच गेला. गाठ निघाली, डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं, मानेला श्वासापुरतं छिद्र उरलं आणि त्यावर बांधलेला मलमलीचा रुमाल. बुवा तेव्हापासून पाटीवर लिहून बोलत. ज्या माणसाने उभं आयुष्य नामाचा गजर केला, त्याच्या वाट्याला खडूची कुरकुर आली. पांडुरंगाची करणी पांडुरंगाला ठाऊक.

पण कीर्तनाच्या कॅसेटी होत्या. पल्लवी पुण्याची, सून होऊन आली ती हौशी. तिने एकेक कॅसेट साफ करून इंटरनेटवर चढवली, बुवांच्या नावाची वेबसाइट उभी केली. ऐकणारे थोडे होते, पण ऐकून निरोप पाठवणारे होते. निरोप वाचायचा आणि टोपी घालून ऐकायचा, असा या घराचा दुपारचा नेम झाला.

त्यातही गुरुवार वेगळा. गुरुवारी एकनाथराव लिहीत.

एकनाथराव बिरादार म्हणजे बुवांचे पेटीवाले. सिकंदराबादेत रेल्वेत नोकरी, आणि संध्याकाळ झाली की पेटी पोत्यात घालून बुवांच्या मागे. निवृत्त झाल्यावर ते उदगीरला मुलाकडे गेले. तिथे मुलाकडून शिकून त्यांनी स्वतःचं एक पान इंटरनेटवर काढलं. काळ्या पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरं, दोन्ही बाजूंना लुकलुकणाऱ्या समया. दर आठवड्याला ते बुवांचं एक कीर्तन ऐकत आणि त्याबद्दल लिहीत. प्रत्येक परिच्छेदाखाली न चुकता तीच एक ओळ, 'बुवांचे कीर्तन येथे ऐका', आणि त्या ओळीला बुवांच्या वेबसाइटची लिंक.

लिहीत काय? चुका! "पूर्वरंगात बुवांनी लय सोडली. मी पेटीवर खोकल्यासारखा सूर दिला, तेव्हा जागेवर आले." "इथे बुवा ओवी विसरले आणि विठ्ठल विठ्ठल करून वेळ मारून नेली. श्रोते भक्तीने डोलले. मी मात्र पोट धरून बसलो."

हे ऐकताना बुवांचे खांदे गदगदा हलत. हसण्याला आवाज नव्हता, पण डोळ्यांतून पाणी येई. मग पाटी ओढून लिहीत, "लय मी नाही सोडली. तू भाता ओढायचा विसरलास." पल्लवी ते टाइप करून पाठवी. पुढच्या गुरुवारी तिकडून उत्तर. दोघांचं भांडण असं चालू होतं आणि बुवा पुढच्या गुरुवारपर्यंत जगत होते. हे माझं म्हणणं नाही, खुद्द डॉक्टर म्हणाले, की आजोबांना कशाची तरी वाट पाहायची सवय आहे, ती मोडू नका.

बुवांचा मुलगा कुलदीप माधापूरला एका कंपनीत होता. हैदराबादेत जन्मला, इंग्रजी शाळेत शिकला. घरात मराठी बोले, त्यात अर्धी दखनी. वाचायची वेळ आली की मात्र एकेका अक्षराशी कुस्ती. पल्लवी चिडवायची, "बुवांचा मुलगा आणि बाराखडीशी वैर!" तो म्हणायचा, "हौ, तू आहेस ना वाचायला. मेरे को कायको तकलीफ."

बापावर जीव फार. त्याला एकच सलत होतं. एवढा मोठा माणूस, आणि ऐकणारे मूठभर? एके दिवशी तो ऑफिसातून आला तोच उत्साहात.

"पल्लवी, आपली साइट गूगलवर वर आणायची. ऑफिसातल्या विक्रमने सांगितलं. दुसऱ्या साइट्सनी आपली लिंक दिली ना, की गूगलला वाटतं, यांच्याबद्दल लोक चांगलं बोलतायत. जितक्या लिंका तितके आपण वर."

"मग बोलतील की लोक. ज्याला आवडेल तो दुसऱ्याला सांगेल."

"कब सांगेल? नानांचं वय बघ. विक्रमच्या ओळखीची पार्टी आहे. पैसे दिले की हजारो साइट्सवर लिंका टाकून देतात."

"म्हणजे भाड्याने माणसं आणून वाहवा करून घ्यायची?"

"तू तो बस... पुणेरी टोमणे मारू नको. नानांसाठीच करतोय ना?"

नानांसाठीच करत होता, हे तिलाही कळत होतं. तिने अडवलं नाही.

सुरुवातीला आकडे असे चढले की कुलदीप रोज खोलीत येऊन आलेख दाखवी. बुवांनी एकदा पाटीवर विचारलं, "हे सगळे ऐकतात?"

"येतात ना, नाना! किती येतात बघा."

बुवांनी पुसून पुन्हा लिहिलं, "देवळात चप्पल चोरायलाही येतात."

पल्लवी हसली. कुलदीपही हसला, पण थोडा उशिराने. कारण त्यानेही पाहिलं होतं. येणारे क्षणभरही थांबत नव्हते. निरोप एकही वाढला नव्हता. लिंका कुठून होत्या? पत्त्यांचे जुगार, वजन उतरवायच्या गोळ्या, कुठल्या परदेशी भाषेतली पानं, आणि मधेच सगळीकडे एकाच शब्दांत बुवांच्या कीर्तनाची जाहिरात.

मग एका सकाळी गूगलची सूचना आली. तुमच्या साइटकडे येणाऱ्या लिंका बनावट आहेत, म्हणून ही साइट शोधातून काढली आहे. कुलदीपने स्वतः शोधून पाहिलं. हैदराबाद मराठी कीर्तन. बुवांचं पूर्ण नाव. काहीच नाही. जणू असा माणूस या गावात कधी झालाच नव्हता.

नवे श्रोते यायचे थांबले. जुन्यांतले कित्येक तर पत्ता लक्षात न ठेवता दर वेळी नाव शोधूनच येत. तेही चुकले. बुवा दुपारी टोपी घालून बसत आणि पल्लवी सांगे, "आज कुणी नाही, नाना." बुवा टोपी काढून ठेवत.

यातून सुटायची वाट होती. खोट्या लिंका शोधायच्या, त्या त्या साइटवाल्यांना काढायला सांगायचं, ज्या निघत नाहीत त्यांच्याशी आमचा संबंध नाही असं गूगलला कळवायचं, आणि मग माफीचा अर्ज. कुलदीपने कंबर कसली. पल्लवी तेव्हा आईच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेली होती. त्याने एका सॉफ्टवेअरने लिंका तपासल्या. संशयाच्या साइट्स त्या सॉफ्टवेअरने लाल करून दाखवल्या. लाल केलेल्या पानांत एक काळ्या रंगाचं होतं, पिवळ्या अक्षरांचं, लुकलुकणाऱ्या समयांचं. त्यावर एकच ओळ पुन्हा पुन्हा आणि प्रत्येक ओळीला लिंक. खोटी पानं अगदी अशीच दिसतात. खरं काय नि खोटं काय, हे मधला मजकूर वाचल्यावर कळलं असतं. कुलदीपने वाचला नाही. वाचायला बसला असता तर पहिल्या परिच्छेदालाच रात्र झाली असती, आणि लाल पानं ढीगभर होती. गुरुवारचं लिखाण पल्लवी वाचते, तेवढं त्याला माहीत होतं. ते पान दिसतं कसं, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

त्याने सगळ्यांना एकच पत्र पाठवलं. इंग्रजीत लिहून यंत्राकडून मराठी करून घेतलं. 'आपल्या पानावरील लिंक आमच्या संकेतस्थळास घातक आहे. ती तात्काळ काढून टाकावी. आपल्याशी आमचा कोणताही संबंध नाही.' साइट वडिलांच्या नावाची, म्हणून खाली वडिलांचं नाव.

गुरुवार आला. पल्लवी पुण्याहून परतली होती. तिने एकनाथरावांचं पान उघडायला घेतलं, ते उघडलं नाही. तिला वाटलं, काहीतरी बिघडलं असेल, मुलगा दुरुस्त करेल. पुढच्या गुरुवारीही तेच. तिने उदगीरला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. बुवा बघत होते. पाटीवर लिहिलं, "पेटी रुसली वाटतं." त्या वेळी ते हसले होते.

मग हसले नाहीत. जेवण कमी झालं. कुशीवर वळून भिंतीकडे बघत पडून राहू लागले. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले, औषधाचं काही नाही हे.

पल्लवीला सहन होईना. एका गुरुवारी तिने स्वतःच एक लेख लिहिला, एकनाथरावांचा म्हणून. पोर चांगली, मनाने निर्मळ. तिने काय केलं असेल? भरभरून कौतुक केलं. बुवांचा स्वर, बुवांची वाणी, डोळ्यांपुढे सुदामा उभा राहिला. "नाना, उठा. उदगीरहून आलंय!"

बुवा धडपडत उठले. टोपी घातली. पल्लवी वाचू लागली तसे ते आधी पुढे झुकले, मग मागे टेकले. वाचून झालं तेव्हा त्यांनी पाटी ओढली.  मग हळूहळू लिहिलं.

"यात माझी चूक कुठे आहे?"

पल्लवीने टॅब उपडा ठेवला.

बुवांनी पुसलं. पुन्हा लिहिलं. "एकनाथ कधी गेला?"

"नाना, नाही हो! असं काही नाही. ते आहेत. आहेत!"

"मग हे का लिहिलंस?"

ती रडायला लागली. कुलदीप आवाज ऐकून आत आला. पल्लवीने सगळं सांगितलं, लेख आपण लिहिला, कारण पान उघडतच नाही, फोनही कुणी उचलत नाही. "कसलं पान?" कुलदीपने विचारलं. "अरे, काकांचं. काळं, पिवळ्या अक्षरांचं. समया आहेत बघ त्यावर."

समया म्हटल्यावर कुलदीप तिथेच खाली बसला. मोबाइल काढून पाठवलेली पत्रं चाळली. उदगीरच्या पानाचा पत्ता त्यात होता.

त्याने काही लपवलं नाही, एवढं त्याच्या पदरी घालायला हवं. बापाच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. विकतच्या लिंका, गूगलची सूचना, ते पत्र. "ते पान मी वाचलंच नाही, नाना. मला वाटलं, कचरा आहे."

बुवांनी लिहिलं, "पत्र माझ्या नावानं?"

"हो."

बुवांनी पाटी पुसली. मग अक्षरं उमटली. "घेऊन ये त्याला."

कुलदीपने अफझलगंजच्या बाजूला जाऊन उदगीरची बस धरली. रस्ताभर तो मनात शब्द जुळवत होता. काका रागावतील, चार शिव्या देतील. द्याव्यात. पाय धरायचे आणि उठवूनच आणायचं. नानांच्या खोलीत पलंगाशेजारी खुर्ची टाकायची. त्याने पल्लवीला फोन करून खुर्ची ठेवायलाही सांगितली.

दार एकनाथरावांच्या मुलाने उघडलं. अविनाश नाव. ओळख ऐकल्यावर तो नुसता बाजूला झाला. समोरच्या भिंतीवर एकनाथरावांचा फोटो होता, त्याला हार. हारही जुना झालेला.

आतून एकनाथरावांच्या पत्नी पद्माकाकू आल्या. "कोण? बुवाचा कुलदीप? केवढा झालास रे. ये, बस."

"काकू... कधी?"

"पोळ्याच्या आधी. झोपेतच गेले. तरास नाही झाला."

"काकू, आम्हाला कळवलं का नाही?"

उत्तर अविनाशने दिलं. "बाबांनीच सांगून ठेवलं होतं. माझं काही झालं तर हैदराबादला कळवू नका. बुवांनी संबंध नाही म्हणून लिहून पाठवलंय. नसलेल्या माणसाचा निरोप कशाला?"

"फोन वाजायचा," पद्माकाकू म्हणाल्या. "हैदराबादचा नंबर दिसला की उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे. मी म्हणलं, उचला की. तर म्हणले, बुवाचं बरोबर असंल. मी त्याच्या चुका काढत बसलो. तो तिकडं आजारी, बोलता येईना, आणि मी इथून बोट दाखवतोय. लागलं असंल त्याच्या मनाला."

"नाही, काकू! नाना त्याचीच तर वाट बघायचे..."

"मग पुसलं सगळं. अविनाश म्हणला, एकदम पुसायचं बटन आहे. नको म्हणले. एकेक उघडायचे, वाचायचे, गालात हसायचे, आणि पुसायचे. आठवडाभर तेच काम."

कुलदीपने फोटोकडे पाहिलं नाही. खाली बघत सांगितलं, "काकू, ते पत्र नानांनी नाही लिहिलं. मी पाठवलं. न वाचता. नानांना माहीतही नव्हतं."

पद्माकाकूंनी पदर तोंडाशी धरला. रागावल्या नाहीत. "आता मला सांगून काय रे, लेकरा," त्या म्हणाल्या. "त्यांना सांगायचं होतं."

अविनाश उठून बाहेर गेला. पद्माकाकू आत गेल्या आणि ताट वाढून घेऊन आल्या. "जेवल्याबिगर जाऊ नको. त्यांना आवडलं नसतं." ज्या घरी एवढं नुकसान करून ठेवलं, त्या घरची भाकरी कुलदीपने खाली मान घालून खाल्ली. देवमाणसं अशी असतात, शिक्षासुद्धा वाढून देतात.

परत आल्यावर खोलीच्या दारातच तो थांबला. पलंगाशेजारी खुर्ची मांडलेली होती. बुवांनी त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या मागे पाहिलं, आणि मागे कुणी नाही हे दिसल्यावर पुन्हा त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांना सांगावं लागलं नाही. तरी कुलदीपने सांगितलं. पोळ्याच्या आधी, झोपेत.

बुवांनी पाटी घेतली. "पत्र वाचलं होतं त्यानं?"

नाही म्हणता आलं असतं. एका शब्दाचं काम होतं. कुलदीप म्हणाला, "हो, नाना."

"काही बोलला?"

"म्हणाले, बुवाचं बरोबर असेल."

बुवांनी तळहाताने पाटी पुसली. पुसलेल्या पाटीवर हात तसाच राहिला. छातीतून हुंदका वर आला, पण गळ्यापाशी त्याला वाट नव्हती. मानेवरचा रुमाल फडफडला तेवढाच. कीर्तनात बुवा सुदाम्याला निरोप देताना रडत, तेव्हा सारं देऊळ त्यांच्याबरोबर रडे. इथे ते एकटे होते.

कुलदीपने पुढचे महिने वेबसाइटसाठी दिले, पण आता घाईने नाही. पल्लवीला शेजारी बसवून प्रत्येक पान वाचलं, खोटं ते नाकारलं, खरं ते ठेवलं. खरी पानं फार नव्हती. एका बंगळुरूच्या मंडळाचं, एका शाळामास्तरांचं, अशी. गूगलला अर्ज केला त्यात सरळ लिहिलं, की लिंका आम्ही विकत घेतल्या होत्या आणि चूक आमची आहे. पहिला अर्ज परत आला. दुसरा मान्य झाला. शोधलं की बुवांचं नाव पुन्हा दिसू लागलं. कुलदीपने ही बातमी बापाला सांगितली तेव्हा बुवांनी मान हलवली, पोराचं मन राखायला हलवावी तशी.

निरोप पुन्हा येऊ लागले. पल्लवी पुन्हा वाचू लागली. बुवा ऐकून घेत. आता पलंगावरून त्यांना बसतं करावं लागे.

एका दुपारी नांदेडच्या एका बाईंचा निरोप आला. पल्लवीने वाचायला सुरुवात केली आणि मधेच थांबली. कुलदीप सुट्टी होती म्हणून घरी होता. त्याने टॅब हातात घेतला आणि अडखळत, एकेक अक्षर लावत, पुढचं स्वतः वाचलं.

"सुदाम्याच्या आख्यानात... बुवा एके ठिकाणी थांबतात... तिथे पेटी एकटीच बोलते. ती ऐकताना मला... रडू आवरत नाही. पेटीवर कोण आहेत? त्यांचं नाव कुठेच सापडत नाही."

बुवांनी हात पुढे केला. पल्लवीने पाटी दिली. अक्षरं आता वाकडी येत, ओळ उतरती होई. लिहायला खूप वेळ लागला. 'एकनाथराव बिरादार, उदगीर. मी थांबत नव्हतो. मी विसरायचो. मला जागेवर आणणारे तेच.'

"मी टाइप करतो," कुलदीप म्हणाला. पाटीकडे बघून एकेक अक्षर लावलं, पल्लवीला विचारून वेलांटी दुरुस्त केली. नाव लिहून झाल्यावर हाताच्या सवयीने त्याने त्या नावाला उदगीरच्या पानाचा पत्ता जोडला आणि तपासायला दाबून पाहिलं. पांढऱ्या पडद्यावर दोनच शब्द आले, 'पान नाही'. त्याने पत्ता काढून टाकला. नाव नुसतंच राहिलं.

मग टॅब बापासमोर धरला. बुवांनी उत्तर पूर्ण वाचलं. लिंकवर बोट ठेवलं की पान उघडतं, हे पल्लवी रोज करताना त्यांनी पाहिलेलं होतं. त्यांनी एकनाथरावांच्या नावावर बोट ठेवलं आणि वाट पाहिली. काहीच उघडलं नाही.